पुलावरची सात मिनिटं

रविवारी सकाळी आठला ‘शहर दर्शन’ची बस नागपुरातल्या बर्डीवरून सुटायची आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी ती नाग नदीच्या पुलावर थांबायची. छापील कार्यक्रमात झिरो माईल होता, बाहेरून किल्ला होता, दीक्षाभूमी होती, अजब बंगला होता, महालातलं एक छोटं खासगी संग्रहालय होतं, शेवटी फुटाळा तलाव होता. पूल कुठंच नव्हता. तो प्रेमलता ठवकरांनी स्वतःच्या अधिकारात घातला होता, आणि अधिकार म्हणाल तर तो त्यांना कोणी दिलेलाच नव्हता.

बस थांबली की आधी वास आत यायचा. काचा बंद असोत, एसी चालू असो, वास यायचाच. लोक एकमेकांकडे बघायचे. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारायचं, पंक्चर झालं का म्हणून.

“पंक्चर नाही,” प्रेमलताबाई माइकवर सांगायच्या. “उतरा. ज्या नदीवरून या शहराले नाव भेटलं, ते नदी पाहाची आहे. सात मिनिटं. नाकाले रुमाल लावाचा असंन त लावा, पण डोळे उघडे ठेवा.”

निम्मे लोक उतरायचे, निम्मे तोंड वाकडं करून बसून राहायचे. झिरो माईलच्या घोड्यांसमोर तीस-तीस फोटो काढणाऱ्या माणसांचे मोबाइल पुलावर मुकाट खिशात राहायचे. बाई मात्र कठड्याशी उभ्या राहून सगळं सांगायच्या. नदी पश्चिमेकडून कुठून येते, भोसल्यांचं शहर तिच्या काठाने कसं वाढलं, कोणत्या बागांना तिचं पाणी जायचं, बाया धुणं घेऊन कुठं उतरायच्या. मग बोट खाली दाखवायच्या. खाली काळं पाणी, त्यावर प्लॅस्टिकच्या पन्न्या, थर्माकोल, एखादी फुटकी चप्पल. “हे तेच पाणी,” एवढंच म्हणायच्या.

एक शब्द त्यांनी बंद केला होता. कोणी ‘नाला’ म्हटलं की त्या बोलणं तोडायच्या. “नाला नाही. नदी. म्हणा पाहू पुन्हा.” पुण्याहून आलेल्या एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी हे दोनदा म्हणायला लावलं होतं, आणि त्यांच्या बायकोला त्या दिवशी सगळ्या नागपुरात तेवढीच गोष्ट आवडली होती.

सात मिनिटं ही मुदत ड्रायव्हर मुकुंदने घातलेली होती. पुलावर बस उभी करायला परवानगी नाही, चौकातला शिपाई चालत यायला साधारण आठ मिनिटं लागतात, असा त्याचा हिशेब. सातवं मिनिट संपलं की तो हॉर्न वाजवायचा. पहिली चार वर्षं तो दर रविवारी कुरकुरला. मग कुरकुरणं थांबलं, हॉर्न राहिला.

आता या बाईला ही नदी एवढी अंगाला का लागली, ते सांगायला हवं. लोकांना वाटायचं, फार वाचलेली असेल, चळवळीतली असेल. तसलं काही नव्हतं. गोष्ट अवघड आहे आणि बाईंनी ती एकोणीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

प्रेमलताबाईंचं माहेर कुही तालुक्यातलं, नदीच्या अगदी काठावरचं. घर धानाचं, भातशेतीचं. बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, पाणी नदीचं. गावात तिला नुसतं ‘नदी’ म्हणत. प्रेमलता लहान असताना त्या पाण्यात बैल धुवायचे, पोरं डुंबायची. ती दहावीत गेली तेव्हा पाण्याला वास यायला लागला. तिचं लग्न झालं तेव्हा ते काळं झालं होतं.

लग्न चौऱ्याण्णवचं. नवरा महालातल्या छापखान्यात कामाला. राहायला नंदनवनच्या अलीकडे दोन खोल्या, मागची भिंत कमरेएवढी आणि भिंतीपलीकडे खोल खाली वाहणारं घाण पाणी. वस्तीतले सगळे त्याला नाला म्हणायचे. घरमालक म्हणायचा, नाल्याकडची खोली आहे म्हणून भाडं कमी घेतो. पोस्टमन पत्त्यात ‘नाल्याजवळ’ शोधत यायचा. तेव्हा नव्या सुनेनेही नालाच म्हटलं. रोज संध्याकाळी भाजीची देठं, चहाचा चोथा, देवाची शिळी फुलं असं सगळं एका पन्नीत भरायचं, तोंडाला गाठ मारायची आणि भिंतीवरून खाली टाकायचं. कचऱ्याची पेटी चौकात होती आणि भिंत हाताशी होती. शेजारणीही तेच करायच्या. अकरा वर्षं त्यांनी हे केलं, माहेरचे दिवस सोडले तर एक दिवस न चुकता.

आणि दरवर्षी भाताच्या रोवणीला त्या माहेरी जायच्या. तिथं माय आणि वहिनी गुडघाभर काळ्या पाण्यात वाकलेल्या असायच्या. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायला चिखलात हात घातला की हाताला पन्नी लागायची. ती उपसून बांधावर फेकायची, पुन्हा हात घालायचा, पुन्हा पन्नी. मायच्या नडग्यांवर फोड आले होते, ते बारा महिने बरे व्हायचे नाहीत. माय फेकलेल्या पन्नीकडे बघत म्हणायची, “हे शहरातल्या बाया. हात काहून नाही झडत वं त्यायचे?”

“खरंच वं माय,” प्रेमलता तिच्या शेजारी वाकलेली म्हणायची. “काय लोक हायेत.”

हे ती मनापासून म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच पुढे आयुष्यभर ते वाक्य तिला सुखाने बसू देईना.

कळलं कसं नाही, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा स्वतःच्या मोरीतलं पाणी कुठे जातं ते सांगावं. गावी नदी होती, शहरात नाला होता. मध्ये चाळीस किलोमीटर, एसटीची एक बदली आणि दोन वेगळी आयुष्यं. शहराची नाग नदी म्हणजे पुस्तकात असते, राजांच्या काळात होती, आता कुठेतरी आटली असेल, असं तिला वाटायचं. ती आपल्याच भिंतीमागे आहे, हे सांगायला कोण येणार होतं?

छापखाना बंद पडला तेव्हा प्रेमलताबाई श्रीधररावांच्या बस कंपनीत तिकीट खिडकीवर लागल्या. श्रीधरराव भला माणूस. वर्षभराने त्यांचा गाइड लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही, तेव्हा त्यांनी बाईंचा आवाज ऐकून माइक त्यांच्या हाती दिला. शिकवायला म्हणून एका दुपारी महालातल्या त्या संग्रहालयात नेलं. तिथं मोठ्या टेबलावर जुन्या शहराचा देखावा मांडलेला होता. मातीच्या भिंती, दरवाजे, तळी, देवळं, तळहाताएवढा राजवाडा, आणि मधून गेलेली निळी रंगवलेली नदी.

बाईंनी निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे बर्डी. मंग इथं आता काय आहे?”

“तिथं तुमची वस्ती येते, बाई. नंदनवनच्या अलीकडे.”

बोट पुढे सरकलं. निळा पट्टा टेबलाच्या कडेला येऊन संपला.

“अन् इथून पुढं?”

“पुढं काय, कुहीकडं जाते. तिथं कन्हान नदीले भेटते.” श्रीधरराव हसले. “तुमच्याच गावाकडं की.”

प्रेमलताबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. श्रीधरराव पुढच्या दालनातून तलवारी आहेत, या बघायला, म्हणून हाका मारत होते. बाईंना ते ऐकू येत होतं आणि पाय उचलत नव्हता. अकरा वर्षं, रोज एक. त्यांनी तिथंच मनात गुणाकार केला आणि मग तो कधी विसरता आला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पन्नी भरली, गाठ मारली, भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आणून घरात ठेवली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, चौकात टाकून येते. पुढच्या रविवारी बस पहिल्यांदा पुलावर थांबली. श्रीधररावांनी सोमवारी विचारलं, काहून थांबवली. “नदी आहे,” बाई म्हणाल्या. श्रीधररावांनी जास्त विचारलं नाही. माय त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिलाही बाईंनी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा गावी गेल्या आणि दोन्ही वेळा मिरच्या तोडून परत आल्या.

मागच्या वर्षी श्रीधररावांचे गुडघे गेले आणि कंपनी त्यांच्या मुलाकडे, विक्रमकडे आली. पोरगा वाईट नव्हता. पुण्याला शिकलेला, पहाटे उठणारा, बसच्या सीटा स्वतः पुसणारा. पण त्याच्या मोबाइलवर लोक चांदण्या देत, आणि चांदण्या कमी झाल्या की त्याला जेवण जात नसे. एक दिवस त्याने बाईंना ऑफिसात बोलावलं आणि मोबाइल समोर धरला.

“पाहा काकू. ‘बस छान, गाइडचा आवाज छान, मधे गटारावर उभं करतात.’ हे दुसरं. ‘माझ्या मुलीला मळमळलं.’ हे तिसरं. सगळे एकच लिहून राहिले.”

“मळमळलं त चांगलं झालं,” बाई म्हणाल्या. “मळमळासारखंच आहे ते.”

“लोक सुटी काढून येतात काकू. त्यांना चांगलं दाखवाचं की घाण दाखवाची?”

“शहर दाखवाचं. तुह्या बसवर तेच लिहिलं आहे.”

विक्रमने मोबाइल ठेवला आणि मुद्द्यावर आला. एका मोठ्या हॉटेलची माणसं पुढच्या रविवारी चक्कर मारून बघणार होती. त्यांना आवडलं तर हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी रोजची फेरी सुरू होणार होती, दुसरी बस घ्यावी लागणार होती, आणि भाड्याच्या गाड्या चालवून पोट भरणाऱ्या मुकुंदला पक्का पगार मिळणार होता. पुलाच्या वेळात संत्रा बर्फीच्या दुकानात न्यायचं ठरलं होतं.

“त्या दिवशी बस पुलावर थांबणार नाही. अन् नंतरही नाही,” विक्रम म्हणाला. “नाही जमत असंन त आत्ता सांगा. मी दुसरं कोणी पाहीन. बाबांना वाईट वाटंन, पण पाहीन.”

बावन्नाव्या वर्षी कोण दुसरीकडे माइक देतं, हे बाईंना माहीत होतं. नवऱ्याची दृष्टी अधू झालेली, घर त्यांच्यावरच चाललेलं. त्या बाहेर आल्या. मुकुंद चाकाची हवा बघत होता. त्याला आतलं सगळं ऐकू गेलं होतं.

“बाई, एक दिवस गप बसा ना,” तो म्हणाला. “नदी कुठं पळून नाही चालली.”

“हेच म्हणून म्हणून ते अशी झाली, मुकुंद.”

रविवार उजाडला. हॉटेलकडून सहाजण आले होते. त्यांच्या प्रमुख सुहासिनी नावाच्या पंचेचाळिशीच्या बाई, धरमपेठेत वाढलेल्या, कमी बोलणाऱ्या, हातात वही घेऊन सगळं टिपून ठेवणाऱ्या. विक्रम पुढच्या सीटवर इस्त्रीच्या शर्टात बसला होता. सकाळ छान गेली. झिरो माईलला बाईंनी घोड्यांचं सांगितलं, किल्ल्याबाहेर लढाईचं सांगितलं, अजब बंगल्यात पोरांना आवडतात ते पेंढा भरलेले प्राणी दाखवले. एकही वाकडा शब्द नाही. विक्रमच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मागूनही दिसत होता. प्रेमलताबाईंना स्वतःचा राग येत होता, पण त्या तो गिळत होत्या. मुकुंदचा पगार डोळ्यांसमोर होता.

महालातल्या संग्रहालयात सगळे देखाव्याच्या टेबलाभोवती उभे राहिले. सुहासिनीबाई वाकून बघायला लागल्या.

“मी इथेच जन्मले, आणि हे कधी पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “ही निळी नदी म्हणजे नाग ना? केवढी आहे. ही कुठं गेली मग?”

प्रेमलताबाई तोंड उघडणार, तेवढ्यात विक्रम बोलला. “ती आता राहिली नाही मॅडम. जुन्या काळची गोष्ट आहे. चला, वरच्या दालनात पगड्या आहेत.”

सांगायला हवं की तो खोटं बोलावं म्हणून बोलला नव्हता. त्याला वेळेवर बर्फीच्या दुकानात पोचायचं होतं, एवढंच. पण एके काळी हेच वाक्य ज्यांच्या डोक्यात होतं, ज्यांनी त्याच वाक्याच्या आधाराने अकरा वर्षं भिंतीवरून पन्न्या टाकल्या, त्यांनी ते आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि गिळलेला सगळा राग वर आला. मुकुंदचा पगार, नवऱ्याचे डोळे, काही आठवेना.

“राहिली नाही कशी?” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटांवर वाहून राहिली. चला, चालत नेते.”

विक्रमने त्यांना दारापाशी गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “काकू, मी काय सांगतलं होतं?”

“बस थांबवाची नाही म्हणून सांगतलं होतं. बस कुठं थांबवून राहिली मी? बस उभी आहे तिकडं आपल्या जागेवर.”

त्या गल्लीत उतरल्याही. सुहासिनीबाईंनी क्षणभर विक्रमकडे पाहिलं, वही मिटली आणि मागे निघाल्या. त्या निघाल्या म्हणून बाकीचे पाच निघाले. भाजीच्या हातगाड्या, सायकली, पतंगाची दुकानं यांमधून प्रेमलताबाई इतक्या झपाझप चालत होत्या की मागच्यांना पळावं लागत होतं. सगळ्यात मागे विक्रम, फोनवर दुकानदाराला वीस मिनिटं उशीर होईल असं सांगत.

पुलावर बाई नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. हिवाळ्यात पाणी कमी असतं आणि म्हणून जास्त काळं असतं. एकाने ओकारी दाबली. बाईंनी नेहमीचं सगळं सांगितलं, पण आज हॉर्न वाजणार नव्हता, म्हणून सावकाश सांगितलं. सुहासिनीबाईंनी रुमाल काढला नाही. त्या कठड्यावरून खाली वाकल्या.

“हे कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न एकोणीस वर्षं दर रविवारी कोणी ना कोणी विचारायचंच. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, ‘आपण सगळ्यांनी.’ ऐकणारे मान हलवायचे आणि बसमध्ये जाऊन बसायचे. त्या ‘सगळ्यांनी’मध्ये प्रत्येकजण स्वतःला सोडून बाकीच्यांना धरायचा, आणि खुद्द बाईही तेच करायच्या. आज ते उत्तर ओठावर आलं आणि त्यांना लाज वाटली. विक्रमने नदी नाही म्हणून सांगितलं होतं. आपण तरी दुसरं काय सांगत आलो?

“मी केलं,” प्रेमलताबाई म्हणाल्या.

कोणाला कळलं नाही. त्यांनी हात लांब करून वळणापलीकडची वस्ती दाखवली.

“तिकडं राहाची मी. मागची भिंत नदीची होती. अकरा वर्षं रोज संध्याकाळी एक पन्नी टाकली. मोजलं आहे मी, चार हजाराच्या जवळपास होते. अन् हे पानी जाते माह्या माहेरी. माही माय याच पान्यात उभी राहून धान लावाची. तिच्या पायाले फोड होते. ते माह्या पन्न्या उचलाची अन् शिव्या देयाची, अन् मी तिच्या बाजूले उभी राहून म्हनाची, काय लोक हायेत. तिले मी सांगतलं नाही. मेली ते, तरी सांगतलं नाही.” बोलता बोलता बाईंची भाषा गावाकडे सरकली होती, आणि डोळे भरले तरी आवाज खाली आला नव्हता. “मले वाटे, ते नाला आहे. तुमाले जे वाटते ना, तेच मले वाटे.”

“काकू, पुरे,” विक्रम पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “मॅडम, सॉरी. हे आपल्या फेरीत नसते.”

“नसते म्हणून त बोलून राहिली.”

“उद्यापासून येऊ नका तुम्ही.”

प्रेमलताबाईंनी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढलं, फीत नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिलं. “घे गा बापा. आता मी तुही कोणी नाही. म्हणजे आता मले कोणी थांबवू नाही शकत.” आणि त्या पुन्हा पाहुण्यांकडे वळून, पुढच्या पुलापर्यंत कोणकोणत्या वस्त्या लागतात आणि कोणाचं काय काय येऊन मिळतं, ते एकेक करून सांगायला लागल्या. त्यांत विक्रमची कॉलनीही होती. तिचं नाव त्यांनी इतरांसारखंच घेतलं, आवाज न चढवता.

हॉटेलने फेरी घेतली, पण पूल वगळून आणि प्रेमलताबाई वगळून. मुकुंदचा पगार पक्का झाला, याचं बाईंना बरंच वाटलं. माइक विक्रमने वेदिका नावाच्या मुलीला दिला. श्रीधरराव काठी टेकत घरी येऊन गेले, पोराच्या वतीने माफी मागायला लागले, तर बाईंनी त्यांना चहा पाजला आणि तो विषय काढू दिला नाही. नोकरी गेली होती, नवऱ्यासमोर त्या हसून खेळून असायच्या आणि रविवारी अकराच्या सुमाराला मात्र त्यांना घरात करमायचं नाही. चूक केली असं त्यांना एकदाही वाटलं नाही. घर कसं चालायचं याची भीती वाटायची, ती खरीच होती, पण ती वेगळी.

तिसऱ्या आठवड्यात सुहासिनीबाईंचा फोन आला.

“हॉटेलला तुमचा पूल नको होता, आणि मी त्यांना पटवू शकले नाही,” त्या म्हणाल्या. “मला मात्र पाहिजे. आमच्या बिल्डिंगमधले आठ-नऊ जण तयार आहेत. फक्त त्या दिवशी तुम्ही अर्धंच दाखवलं. तुमच्या माहेरी जातं म्हणालात. तिथवर न्याल का?”

गावी अजून बाईंचा थोरला भाऊ महादेवराव होता. पुलावर सहा अनोळखी लोकांसमोर जे सांगून टाकलं, ते त्याच्यासमोर सांगावं लागणार होतं. नाही म्हणायला एकच शब्द लागला असता.

“शनिवारी निघू,” त्या म्हणाल्या. “सकाळी सातले.”

शनिवार मुकुंदच्या सुटीचा. मेव्हण्याची मोठी गाडी घेऊन तोच दारात उभा होता. बाईंनी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. गाडी शहराबाहेर पडली, उमरेडचा रस्ता सोडून आत वळली, आणि बाई पुढच्या सीटवर उलट्या बसून, माइकशिवाय, नदी कुठे कुठे डावीकडे येते आणि कुठे उजवीकडे जाते ते सांगत राहिल्या. झाडांच्या रांगेमुळे ती दिसत नव्हती. वासावरून मात्र कळत होती.

महादेवराव शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. धान कापून झालेला, उरलेल्या बांध्यांत मिरची. नदीवर बसवलेली मोटर चालू होती आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्यावर ढिगाने पांढरा फेस चढत होता, वाऱ्याने सुटून मिरचीच्या झाडांवर जाऊन बसत होता. एका पाहुणीने फोटोसाठी मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला. महादेवरावाचे पाय उघडे होते. नडग्यांवर जुने काळे डाग होते.

“पावने कोन व्हय, प्रेमा?” त्याने विचारलं.

“शहरातले हायेत, दादा. नदी पाहाले आले.” बाईंनी श्वास घेतला. मग सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, त्याला सांगितलं. भिंतीचं, पन्न्यांचं, अकरा वर्षांचं. मायच्या शेजारी वाकून जे म्हणायची, तेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

महादेवरावाने बहिणीकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मुकुंदने जाऊन मोटर बंद केली, उगाच, काहीतरी करायला म्हणून.

“मायले सांगतलं होतं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“सांगाले पाहिजे होतं वं,” तो म्हणाला. “तिनं शिव्या देल्ल्या असत्या. मंग जेवाले वाढलं असतं.”

प्रेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. महादेवराव बहिणीपाशी आला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने आपलं तोंड पुसलं आणि मग पाहुण्यांकडे वळला. ते नऊजण धुऱ्यावर एका रांगेत, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून जपून उभे होते.

“माह्या बहिनीनं सांगतलं. आता तुमी सांगा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाचारीही नव्हती. “तुमच्या मोरीतलं पानी कुठं जाते?”

एक गृहस्थ म्हणाले, पाइप आहे. दुसऱ्या बाई म्हणाल्या, गटारात जात असेल. सुहासिनीबाईंनी वही उघडली होती, ती मिटली.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“मले मालूम हाये,” महादेवराव म्हणाला, आणि त्यांना दाखवायला पाण्यात उतरला.